ट्रॅकची गाडी ब्रेक मारल्यावर डोलते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगणघाटहून वडनेरकडे जाताना हायवेच्या कडेला आमचं शेड आहे. दिवसभर ट्रॅक्टर, पिकअप आणि कापसाच्या गाड्या असतात. संध्याकाळी वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरकडची पोरं रेसिंगच्या ट्रॅकसाठी आतून मोकळ्या केलेल्या हॅचबॅक घेऊन येतात. गाडीत दम आहे, वळणात चिकटते, पण सरळ रेषेत जोरात ब्रेक मारला की भरवसा राहत नाही, ही त्यांची नेहमीची तक्रार.

इथून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक साधारण हजार किलोमीटरवर. कोइम्बतूरचा कारी त्याहून लांब, आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किटही जवळ नाही. गाडी ट्रेलरवर चढवून एवढ्या दूर न्यायची आणि तिथे पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत) दोष शोधत बसायचं, हे परवडत नाही. शेडमध्ये, सुतळी आणि पाण्याच्या नळीवर जेवढं निदान होतं तेवढं इथेच उरकावं. पोरं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं खाली दिली आहेत.

भाऊ, ब्रेक मारला का गाडी डोलून राह्यली. आधी काय बदलू?

काहीच बदलू नका. आधी एवढं सांगा की ती नेमकी कधी डोलते. डिस्क, पॅड, कॅलिपर (पॅडला डिस्कवर दाबणारा भाग) यांची नावं त्यानंतर घेऊ.

एका ब्रेकिंगचे तीन भाग असतात. पायाचा दाब वाढत असतो आणि गाडीचं नाक खाली बसत असतं, तो पहिला. नाक बसलेलं असतं, दाब पूर्ण असतो आणि वेग उतरत असतो, तो दुसरा. वळण आलं म्हणून पाय हळूहळू सुटत असतो, तो तिसरा. पहिल्या भागात गाडी सापासारखी वळवळली तर चाकांचा टो (वरून बघता चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते), टाय रॉडचा (स्टिअरिंगपासून चाकाला जाणाऱ्या दांडीचा) कोन, लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश आणि शॉकअप यांच्याकडे बघायचं, कारण नाक खाली बसताना सस्पेन्शन याच वेळात सरकत असतं. नाक बसल्यावर सतत एकाच बाजूला ओढत असेल तर डाव्या-उजव्या ब्रेकच्या जोरात फरक आहे. नाक बसल्यावर मागची बाजू हलकी होऊन बाजूला निघत असेल तर पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी चुकली. आणि फक्त पाय सोडताना, वळणाच्या तोंडाशी मागून सुटत असेल, तर मागच्या शॉकअपची आणि चालवणाऱ्याच्या पायाची चौकशी करायची.

चालवणाऱ्याला हे आठवत नाही, असा अनुभव आहे. भीती वाटलेली आठवते, क्षण आठवत नाही. म्हणून फोन डॅशबोर्डच्या मधोमध पक्का बांधा, स्टिअरिंग आणि समोरचा रस्ता दोन्ही दिसतील असा, आणि व्हिडिओ हळू चालवून बघा. हात आधी हलले की गाडी आधी हलली, हे तिथे स्वच्छ कळतं. निम्मं निदान त्या व्हिडिओत असतं.

ओढणं आणि निसटणं, दोन्ही एकच ना?

नाही. ओढते तेव्हा स्टिअरिंगला हातात जोर लागतो. निसटते तेव्हा स्टिअरिंग गप्प असतं आणि सीटखालून कळतं. पहिला दोष बहुतेक वेळा पुढच्या चाकांत, दुसरा मागच्या.

मांगची सीट, स्टेपनी, सारं काढून टाकलं. तेव्हापासून मांगचे चाकं लॉक होतात. वजन कमी केल्यावर तं ब्रेक चांगले लागायला पाह्यजे?

थांबायचं अंतर कमी व्हायला मदत होते, हे खरं. पण तुम्ही वजन कुठून काढलं ते बघा. सगळं मागून.

हिशोब करू. ड्रायव्हरसह ९५० किलोची हॅचबॅक घ्या. पुढच्या चाकांवर ५९०, मागच्यांवर ३६०. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २.४३ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर. १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतक्या, जोराने ब्रेक मारला तर पुढे सरकणारं वजन म्हणजे ९५० गुणिले ०.५ भागिले २.४३, सुमारे १९५ किलो. मागच्या दोन चाकांवर मिळून उरले १६५. आता मागून ४५ किलो आणि पुढून ५ किलो काढा. गाडी ९०० किलोची झाली, मागे उभ्या गाडीत ३१५. ब्रेकमध्ये १८५ पुढे गेले, मागे उरले १३०. म्हणजे मागच्या टायरची पकड पाचव्या हिश्श्याहून जास्त घटली, आणि मागचा ब्रेक मात्र कंपनीने दिला तेवढाच जोर लावतो आहे. चाक लॉक होणारच.

पुढची गोष्ट लोकांच्या लवकर पचनी पडत नाही. याच गाडीला चांगले मऊ टायर चढवले आणि ती १.२ जी ने थांबू लागली, तर पुढे २२२ किलो सरकतात आणि मागे ९३ उरतात. टायर जितका चिकट, तितकी मागची बाजू ब्रेकमध्ये रिकामी. साध्या टायरवर नीट वागणारी गाडी ट्रॅकच्या टायरवर मागून सुटू लागते ती यामुळे, आणि पोरगा टायरवाल्याशी भांडत बसतो.

पावसात उलटं. अर्ध्या जी च्या वर पकडच नसते, वजन कमी सरकतं, मागे भरपूर राहतं आणि पुढची चाकं आधी लॉक होतात. पावसात गाडी शहाण्यासारखी वागली म्हणून ब्रेकची वाटणी बरोबर आहे असं धरू नका. ती कोरड्या रस्त्यावर, गरम टायरवरच तपासायची.

उपाय दोन. मागे कमी चावणारे पॅड किंवा लायनर घाला. नाहीतर मागच्या लाइनमध्ये हाताने फिरवायचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब कमी करणारा) बसवा. बहुतेक हॅचबॅकमध्ये ब्रेकचे सर्किट तिरपे असतात, पुढचं डावं आणि मागचं उजवं एकावर, उरलेली दोन दुसऱ्यावर. त्यामुळे मागे जाणाऱ्या दोन्ही लाइनवर नियंत्रण लागतं, एका व्हॉल्व्हने भागत नाही. एकच व्हॉल्व्ह लावून दोन्ही लाइन टीने जोडलेल्या गाड्या आमच्याकडे येतात. असं केलं की एक पाइप फुटल्यावर दोन्ही सर्किट रिकामे होतात. ते करू नका.

पुढे मोठी डिस्क आणि चार पिस्टनचं कॅलिपर टाकू का?

पाच-सहा लॅपनंतर ब्रेक मरत असतील तर विचार करा. मोठी डिस्क उष्णता जास्त पेलते, ते तिचं खरं काम. गाडी डोलते म्हणून मोठी डिस्क घेणं म्हणजे ताप आला म्हणून चष्मा बदलणं. पुढचा जोर वाढला की वाटणी पुढे सरकते, मागचं निसटणं कमी झाल्यासारखं वाटतं, आणि खरा दोष तसाच राहतो. पैसेही लय जातात.

ट्रॅकवर एबीएस नको म्हणून फ्यूज काढला. चालते ना?

या एका गोष्टीवर मी कडक आहे. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, ईबीडी पुढच्या-मागच्या ब्रेकचा दाब वाटतं. ईबीडी असलेल्या पुष्कळ गाड्यांत मागच्या ब्रेकसाठी वेगळा यांत्रिक व्हॉल्व्ह नसतो. मागचा दाब किती ठेवायचा हे एबीएसचं युनिट चाकांच्या सेन्सरवरून ठरवतं. फ्यूज काढला की एबीएससोबत ईबीडीही जातं आणि मागच्या चाकांना पूर्ण दाब मिळतो. शंभराच्या वेगात मागची दोन्ही चाकं लॉक झाली तर गाडी फिरते, तिथे कौशल्य कामी येत नाही. भारतात एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे त्यानंतरची गाडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी विचारतो.

एबीएस चालू असूनही पेडल अचानक दगडासारखं कडक होतं आणि गाडी थांबतच नाही, अशी तक्रार असेल तर ती वेगळी. खडबडीत जागी झटक्याने ब्रेक मारला की एखादं चाक क्षणभर थांबतं आणि युनिटला वाटतं रस्ता घसरडा आहे. ते दाब सोडून देतं. पाय थोडा गोलाईने दाबला की बऱ्याचदा हे जातं. पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर असतील तर तेही युनिटला गोंधळात टाकतात. सेन्सरच्या रिंगवर काळ्या मातीचा थर बसला आहे का, तेही बघून घ्या.

जुनी गाडी आहे, एबीएस नाही. फक्त मांगून खाली बसवली तं ब्रेक बिघडले. असं काऊन?

काही जुन्या गाड्यांत आणि व्हॅनमध्ये मागच्या अॅक्सलला एक दांडी आणि स्प्रिंग जोडलेली असते, ती एका व्हॉल्व्हला ओढते. मागे लोड पडला, बॉडी खाली बसली, की व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. तुम्ही छोट्या स्प्रिंग टाकून बॉडी कायमची खाली आणली. व्हॉल्व्हला वाटतं मागे सोयाबीनची पोती भरली आहेत. दांडीची लांबी नव्या उंचीला जुळवा.

गाडी डावीकडे ओढते. अलाइनमेंट दोनदा केली. तरी ओढतेच.

ब्रेक न मारता हात सोडल्यावर सरळ जाते का? जात असेल तर अलाइनमेंटचा नाद सोडा आणि दोन्ही बाजूंचा ब्रेक तपासा.

सोपी तपासणी उष्णतेची. रिकाम्या जागेत पाच-सहा सारखे ब्रेक मारा, थांबा, लगेच इन्फ्रारेड गनने चारही चाकांचं तापमान घ्या. चकाकत्या डिस्कवर गन कमी आकडा दाखवते, म्हणून चारही ठिकाणी एकाच जागी, डिस्कच्या मधल्या गंजलेल्या किंवा काळ्या भागावर धरा. पुढच्या डाव्या-उजव्यात दर वेळी चाळीस-पन्नास अंशांचा फरक येत असेल तर काहीतरी आहे, हा माझा ठोकताळा. गार असलेली बाजू काम करत नाही. खूप गरम असलेली बाजू सुटत नाही.

सुटत नसेल तर जॅक लावून चाक हाताने फिरवा. जड असेल तर कॅलिपरचा निपल (ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) जरा ढिला करा. थोडं ऑइल उडालं आणि चाक मोकळं झालं, तर दाब अडकून बसलाय. बहुतेक वेळा रबरी होज आतून फुगून बंद झालेली असते, बाहेरून मात्र नवीकोरी दिसते. निपल उघडूनही चाक जडच राहिलं, तर पिस्टन किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतं त्या पिन जाम आहेत.

पिन आणि पिस्टन जाम होण्याचं आपल्याकडचं मुख्य कारण हवामान नाही, डिझेल आहे. कॅलिपर उघडलं की ते डिझेलच्या डब्यात बुडवून ब्रशने धुतात, ट्रॅक्टरच्या पार्टसारखं. ब्रेकचं सील ज्या रबराचं असतं ते ब्रेक ऑइलसाठी बनलेलं असतं. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस लागलं की ते फुगतं. आठवडाभर गाडी बरी चालते, मग पिस्टन मागे यायचं बंद होतं. ब्रेक क्लीनर मिळत नसेल तर ताज्या ब्रेक ऑइलने धुवा. पिनला सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. पिनच्या रबरी टोप्या फाटल्या असतील तर त्या बदला, नाहीतर आपल्या काळ्या मातीची धूळ आत जाऊन ग्रीसची खळ होते.

मागे ड्रम असतील तर तिथेही बघा. एका बाजूचा अॅडजस्टर गंजून अडकला की त्या बाजूचे शू उशिरा लागतात. व्हील सिलिंडर पाझरून लायनर ओले झाले की तो ब्रेक कधी झटक्याने धरतो, कधी धरतच नाही. पावसाळ्यात सकाळी पहिल्याच ब्रेकला ड्रम जोरात धरतो, दोन-चार ब्रेकनंतर नीट होतो. तो दोष नाही, ओल आहे.

आणि एक, स्पेसर. चाकं बाहेर काढून गाडी रुबाबदार दिसावी म्हणून लावलेले. चाक बाहेर गेलं की ब्रेकचा जोर स्टिअरिंगच्या अक्षापासून दूर जातो, आणि डाव्या-उजव्यातला जो फरक आधी जाणवत नव्हता तो थेट हातात येतो. स्पेसर काढून एकदा चालवून बघा. पोरांना हे सांगितलेलं आवडत नाही.

टो घरी मोजता येतो का? अलाइनमेंटवाल्याकडे मशीन आहे, पण तो गाडीत माणूस बसवू देत नाही.

येतो, आणि मशीनपेक्षा वाईट येत नाही. अट एकच, जमीन सपाट हवी. शेडचा कोबा डोळ्याला सपाट दिसतो, तो नसतो. गवंडी वापरतो ती पारदर्शक पाण्याची नळी घ्या, चार चाकांच्या जागांची पातळी काढा आणि खाली असलेल्या जागी फरशीचे तुकडे, पत्रे टाकून एक-दोन मिलिमीटरच्या आत आणा. त्या जागा रंगाने कायमच्या आखून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी हा कुटाणा नाही. जिनिंगवाल्या ओळखीच्याचं गोडाऊन मोकळं असेल तर उत्तम, तिथला कोबा चांगला असतो.

प्रत्येक चाकाखाली दोन पत्रे ठेवा, मधे ग्रीस, म्हणजे टायर खाली सरकून मोकळा बसतो. ड्रायव्हरच्या सीटवर त्याच्या वजनाइतकी पोती ठेवा. आता गाडीच्या दोन्ही बाजूंनी हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) उंचीवर सुतळी ताणा. पुढच्या दोन हबपासून डावी-उजवी सुतळी सारख्या अंतरावर हवी, मागच्या दोन हबपासूनही. पुढचं आणि मागचं अंतर आपसात सारखं असेलच असं नाही, कारण पुढच्या दोन चाकांमधली रुंदी आणि मागच्या दोन चाकांमधली रुंदी वेगळी असते. दोन्ही सुतळ्या एकमेकींना समांतर आहेत ना, ते टेपने पुन्हा बघा. मग रिमच्या पुढच्या कडेपासून आणि मागच्या कडेपासून सुतळीचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. सुमारे ४०० मिलिमीटरच्या रिमवर १ मिलिमीटरचा फरक म्हणजे जवळपास ९ मिनिटांचा (एका अंशाची साठ मिनिटं) टो.

आकडे वाचताना आधी मागची चाकं बघा. लोक पुढच्यावरच अडकतात. मागे टो-आउट (चाकांची पुढची कड बाहेर वळलेली) असेल तर ब्रेकमध्ये हलकी झालेली मागची बाजू सरळ राहूच शकत नाही. मागे थोडा टो-इन (पुढची कड आत) हवा, आणि तो डावीकडे-उजवीकडे सारखा. बहुतेक हॅचबॅकमध्ये मागे एकसंध बीम असतो, तिथे नट फिरवून टो बदलत नाही. डाव्या-उजव्यात मोठा फरक आला तर बीम वाकलाय किंवा त्याचे बुश गेलेत. पुढे ट्रॅकवाले वळणात पटकन घुसण्यासाठी थोडा टो-आउट ठेवतात. तो जास्त झाला की ब्रेकच्या पहिल्या भागात नाक इकडेतिकडे हुंगत फिरतं. शंका आली तर पुढचा टो शून्यावर आणा आणि पुन्हा चालवा.

उभ्या गाडीचा टो बरोबर असूनही नाक बसताना तो बदलू शकतो. गाडी खूप खाली बसवली की टाय रॉड आणि लोअर आर्म यांचे कोन जुळत नाहीत आणि चाक वर जाताना आपोआप वळतं. तपासायचं असेल तर पुढची स्प्रिंग काढा, शॉकअप तसाच बसवा, जॅकने हब दहा-दहा मिलिमीटर वर न्या आणि दर टप्प्यावर टो मोजा. अर्धा दिवस जातो. गाडी पहिल्याच भागात वळवळत असेल तर हा अर्धा दिवस सत्कारणी लागतो.

बुश तं डोळ्यानं चांगले दिसतात. तरी बदलायचे?

डोळ्याने बघू नका, टॉमी (लोखंडी दांडा) लावून बघा. पुढच्या लोअर आर्मचा मागचा बुश सगळ्यात आधी जातो. ब्रेक लागला की चाक मागे ढकललं जातं, हा बुश दबतो, आणि त्याबरोबर टो बदलतो. एका बाजूचा फाटला असेल तर गाडी दर ब्रेकला त्या बाजूने वळते आणि पाय सोडला की परत येते. दोन्ही बाजूंचे एकत्र बदला. त्याच वेळी बॉल जॉइंट, टाय रॉडचं टोक आणि हब बेअरिंगचा खेळ बघून घ्या.

कधी पेडल खाली जाते, कधी कडक होते. मास्टर सिलिंडर गेला का?

मास्टर सिलिंडर क्वचित जातो. पेडल तीन प्रकारे बोलतं.

लॅप वाढत गेल्यावर पेडल मऊ होऊन खाली जातं आणि गार झाल्यावर बरं होतं, तेव्हा ऑइल उकळलंय. वाफ दबते, ऑइल दबत नाही. नव्या डॉट ३ प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३०, डॉट ५.१ चा २६०. ऑइलने पाणी शोषलं की हेच आकडे अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० पर्यंत उतरतात. ऑइल हवेतली ओल ओढतं. जूनमध्ये उघडलेला डबा दिवाळीत वापरायचा नाही, मग झाकण कितीही घट्ट असो. ट्रॅकला जाण्याआधी ताजं ऑइल भरून हवा काढा, प्रत्येक वेळी. नुसता डॉट ५ सिलिकॉनचा असतो, तो यात मिसळायचा नाही.

पेडल कडक, उंच, पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड त्यांच्या कुवतीपेक्षा गरम झालेत. ऑइल बदलून फायदा नाही, पॅड बदला. दोन्ही पुढचे एकाच वेळी मरत नाहीत, म्हणून या अवस्थेत गाडी ओढतेही, आणि लोक अलाइनमेंटकडे धावतात.

तिसरा प्रकार फसवा आहे. पहिल्यांदा दाबल्यावर पेडल खोल जातं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की जागेवर येतं. कर्बवरून (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरून) गेल्यावर किंवा लांब वळणानंतर हे होतं. हब बेअरिंगमध्ये खेळ असला की डिस्क हलते आणि पॅडला मागे ढकलते. बेअरिंग बदला. तोवर ब्रेकच्या आधी डाव्या पायाने पेडलला हलकी टिचकी देऊन पॅड जागेवर आणता येतात, पण तो उपाय नव्हे.

ब्रेक मारला का स्टिअरिंग थरथरते. डिस्क वाकडी झाली, लेथवर देऊ?

आधी चाकाच्या आतली बाजू धुवा. रिमच्या आत वाळलेल्या काळ्या मातीचा गोळा चिकटलेला असला तरी गाडी थरथरते, फक्त ती ब्रेकशिवायही थरथरते. पावसाळ्यात निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

ब्रेकमध्येच थरथरत असेल तर डिस्क वाकली असं लगेच धरू नका. तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, किंवा पॅडचा थर ठिकठिकाणी कमी-जास्त चिकटलेला असतो. मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजा. एक-दोन शतांश मिलिमीटरचा फरकही हाताला कळतो. मग डिस्क गाडीवरच, नट कसून, डायल गेज लावून फिरवा. ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक. जास्त आलं तर डिस्क काढून हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा आणि पुन्हा मोजा, निम्म्या वेळा दोष हबचा असतो. ट्रॅक्टरच्या कामाच्या लेथवर डिस्क घासून घेऊ नका. ती गाडीवरच्या हबशी नाही, त्या लेथच्या चकशी सरळ होते. चाकाचे नट टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याला, तिरप्या क्रमाने.

चारही चाकांचं वेगळं वजन कसं करू? इथं तसे काटे कुठून आणायचे?

अडत्याकडचा पोत्यांचा इलेक्ट्रॉनिक काटा चालतो, त्याची क्षमता तेवढी असेल तर. एकच काटा पुरतो. उरलेल्या तीन चाकांखाली काट्याच्या उंचीचे ठोकळे ठेवा, पातळी नळीने जुळवा, आणि काटा एकेका चाकाखाली फिरवा. पुढचं डावं अधिक मागचं उजवं, ही बेरीज एकूण वजनाच्या निम्म्याजवळ हवी. एका पुढच्या चाकावर दुसऱ्यापेक्षा बरंच कमी वजन असेल तर ते आधी लॉक होईल आणि गाडी ओढेल, ब्रेक दोन्हीकडे सारखे असूनही. उंची बदलता येणारे शॉकअप लावल्यावर हे बघितलंच पाहिजे. पोरं डोळ्याने उंची जुळवतात, तिथेच घोळ होतो. हायवेवरच्या ट्रकच्या वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा अॅक्सल वेगळा कळतो, तो वरच्या हिशोबाला पुरे.

ही चाचणी घ्यायची कुठे? रात्री हायवे रिकामा असतो.

हायवेवर नाही. समृद्धीवरही नाही, तो ७०१ किलोमीटर लांब आणि बराचसा सरळ आहे म्हणून तर अजिबात नाही. मागून येणाऱ्या ट्रकला तुमची चाचणी चालू आहे हे माहीत नसतं. शिवाय गाडीत असे बदल करून ती रस्त्यावर चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं. ट्रॅकची गाडी ट्रेलरवरच न्यायची.

जिनिंगचा हंगाम संपला की मे महिन्यात आवारं रिकामी असतात. मालकाची परवानगी घ्या, फाटक बंद करा, गुरं आणि पोरं आत नाहीत याची खात्री करा, फायर एक्स्टिंग्विशर जवळ ठेवा, हेल्मेट घाला. पन्नासच्या वर जायची गरज नाही. चांगल्या टायरवर पन्नासावरून गाडी अकरा मीटरच्या आसपास थांबते. पुढे निदान तीन-चार पट मोकळी जागा असू द्या. एकाने मागून, एकाने बाजूने व्हिडिओ घ्यायचा. कोणतं चाक आधी थांबलं ते त्यात दिसतं, आणि जमिनीवरच्या काळ्या खुणाही सांगतात. सरकी, रुई, वाळू झाडून घ्या, नाहीतर जे कळेल ते झाडूबद्दल कळेल.

या वेगात पॅड तापत नाहीत आणि नाक पूर्ण वेगाने बसत नाही. म्हणून वाटणी, ओढणं, जाम पिन एवढं इथे कळतं. उष्णतेचे दोष ट्रॅकवरच कळतात.

मित्रानं चालवली तं गाडी सरळ थांबली. म्हणजे दोष माझ्यात?

असू शकतो, आणि हे स्वस्तातलं निदान आहे. दोन गोष्टी बघा. गिअर उतरवताना क्लच झटक्यात सोडता का? पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिनचा झटका पुढच्या टायरला बसतो आणि नाक फिरतं, मागच्या चाकांवर चालणारीत मागची चाकं क्षणभर लॉक होतात. वेग उतरल्यावर गिअर उतरवा. दुसरं, वळणाच्या तोंडाशी पाय एकदम उचलता का? नाक झटक्यात वर येतं, वजन मागे जातं आणि परत येतं, त्या गडबडीत स्टिअरिंग वळलेलं असतं. पाय हळू सोडून तरी मागून सुटत असेल, तर मात्र मागचा शॉकअप बघा.

उन्हात उभ्या गाडीच्या टायरची हवा कधी मोजायची?

सावलीत, किंवा ट्रॅकवरून आल्याआल्या. तापमान दहा अंशांनी वाढलं की हवा एक ते दीड पीएसआय वाढते. मे महिन्यात उन्हाकडची बाजू सावलीतल्या बाजूपेक्षा चांगलीच तापते. तशी मोजून डावी-उजवी सारखी केली, तर गाडी ट्रॅकवर गेल्यावर ती सारखी राहत नाही.

चार दिवसांवर ट्रॅक आहे. सारं करायला वेळ नाही.

ताजं ऑइल, सरकत्या पिन, होज, बुश आणि बेअरिंगचा खेळ, मागचा टो. या क्रमाने, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून. नवे पॅड घातले असतील तर पहिले काही लॅप ते बसवण्यासाठीच ठेवा, वेग वाढवत न्या, पूर्ण थांबू नका, मग एक लॅप ब्रेक न वापरता गार करा. नवे पॅड, नवा टो आणि नवे टायर असं एकदम करून निघालात, तर तिथे गाडी सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही.

पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढला तं चालते?

गरम ड्रम गार होताना आकुंचन पावतो आणि शूवर घट्ट बसतो. मागे डिस्क असेल तर पॅडचा ठसा तिच्यावर एका जागी उमटतो, आणि पुढच्या फेरीत थरथर सुरू होते. हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकामागे दगड लावा.